मास्तरांची गाळणी

माझ्या पहिल्या पत्रकातले आठ शब्द मास्तरांनी ठेवले. बाकी सगळे खोडले.

पत्रक तंबाखूच्या वखारींतल्या बायकांच्या हालांबद्दल होतं. सुरुवात ‘हे सुज्ञ निपाणीकरांनो’ अशी, आणि शेवटी एकापुढे एक तीन उद्गारचिन्हं. रात्री जागून लिहिलेलं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, कानामागची पेन्सिल काढली आणि रेघा मारत सुटले. कागद परत हातात आला तेव्हा त्यावर एवढंच जिवंत होतं: ‘वखारीत हवा नाही. बायका खोकतात. भिंतीला खिडक्या पाडा.’

“मजकूर एवढाच हाय,” मास्तर म्हणाले. “बाकी खरखर.”

मी बावीस वर्षांचा होतो आणि माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे. मी म्हणालो, “मास्तर, लोकांचं रक्त तापवायचंय मला. तार नाही पाठवायची.”

“रक्त आठ शब्दांत तापतंय,” ते म्हणाले, “न्हाय तापलं तर आठशेत बी तापत न्हाय.” आणि त्यांनी टेबलावर बोटानं दोनदा टकटक केलं. याचा अर्थ बोलणं संपलं, उठा.

आख्खी हयात त्यांनी तारखात्यात तारमास्तर म्हणून काढली होती. पेन्शनीत निघाल्यावर निपाणीत दुमजली घर घेतलं, ते नेमकं तंबाखूच्या वखारीला खेटून. घर स्वस्त का मिळालं ते राहायला आल्यावर कळलं, असं ते सांगत. वखारीत सकाळपासून बायका काठ्यांनी तंबाखू झोडत. धप, धप, धप. भिंत हादरायची, खकाणा उडायचा, शिंका थांबायच्या नाहीत. आवाजाचा इतका तिटकारा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतक्या आवाजात मुक्काम ठोकून राहिलेलाही.

त्या घराच्या खालच्या खोलीत मी आणि आक्का भाड्यानं राहत होतो. आक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, त्याच वखारीत तंबाखू झोडून. मग तिला धाप लागू लागली आणि वखार सुटली. लहानपणी तिला सांधेताप आला होता, त्यानं काळजाची झडप धरली, असं पुढे बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. वखारीच्या मालकानं काय सांगितलं? “बाई नाजूक हाय.” माझी पत्रकं त्या वाक्यापासून सुरू झाली.

मास्तरांची बोटं कधी स्वस्थ नसत. जेवताना ताटाच्या काठावर, देवळात घंटेखाली उभे असताना स्वतःच्याच मांडीवर, कट्ट कडकट्ट चालूच. त्यांचं म्हणणं, प्रत्येक तारवाल्याचा एक हात असतो. अक्षरं सगळ्यांची सारखी, पण हात वेगळा. कुणाचा लगबगीचा, कुणाचा जड. बेळगावला लागून असलेल्या वडगावात त्यांचा जुना जोडीदार राहत होता, तोही तारखात्यातलाच. दोघांची कैक वर्षांत भेट नव्हती. “पण दोन शब्द आले की मला कळतंय,” मास्तर म्हणायचे, “गड्याला ताप हाय का सुनंसंगं वाजलंय.”

हे दोन शब्द यायचे कुठून, तर बिनतारी यंत्रावरून. लढाई सुरू झाल्यावर सरकारनं लोकांजवळची असली यंत्रं जमा करून घेतली. मास्तरांनीही जमा केलं. एका लाकडी पेटीत यंत्रातले जळके काचेचे दिवे, तुटकी गुंडाळी आणि वजनाला दोन विटा. त्याची सरकारी पावती मिळाली, ती त्यांनी चौकटीत बसवून देवांच्या शेजारी टांगली. खरं यंत्र माडीवर, धान्याच्या कणगीत. मोटारीच्या बॅटरीवर चालायचं. त्याची हवेतली तार म्हणजे गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार. आक्का तिच्यावर लुगडी वाळत टाकायची आणि मास्तर त्याबद्दल खूश असायचे, कारण लुगड्याखाली काय आहे हे कुठला शिपाई बघणार? फक्त रोज सकाळी दहाला, वडगावशी बोलायच्या वेळी, माडीवरून हाक यायची, “आक्का, लुगडं काढ!” आणि आक्का पुटपुटत जिना चढायची, “हितं एक लुगडं सुखानं वाळत न्हाय. सरकार बरं म्हणायचं ह्यांच्यापरीस.”

आता त्यांचं खरं वेड सांगतो. म्हाताऱ्याला माणसांची काळजं ऐकायची होती. ऐकायची, आणि हवेतून डॉक्टरला ऐकवायची. निपाणीत चांगला डॉक्टर नाही, बेळगाव गाठेपर्यंत माणूस निम्मा होतो. मग माणसाऐवजी त्याचे ठोकेच पाठवले तर? टेलिफोनच्या नळीतली चकती काढून तिला त्यांनी तारेची लांब दोरी लावली, मध्ये यंत्रातले दोन दिवे घालून आवाज वाढवला, कानाला टोप्या. चकती छातीवर धरायची. पण त्यातून काळजाबरोबर सगळंच ऐकू यायचं. श्वास, पोटाची गुरगुर, सदऱ्याची घासाघास, मोटारींचे भोंगे. म्हणून त्यांनी तांब्याच्या तारेची वेटोळी करून गाळणी बनवली. वेटोळी ज्यांवर गुंडाळली त्या कांड्या वडगावच्या विणकरांच्या मागावरच्या, जोडीदारानं पाठवलेल्या. तंबाखूच्या रिकाम्या खोक्यात ती बसवली होती. “चहाची पत्ती आपण गाळतो,” ते म्हणायचे, “तशी खरखर गाळायची. खाली उतरंल तो मजकूर.”

बाजाराच्या दिवशी चिकोडीकडचे शेतकरी मुद्दाम माडीवर यायचे. “मास्तर, बगा की, काळीज हाय का न्हाय माजं. बायकू न्हाय म्हणतीया.” मास्तर हसायचे नाहीत. चकती लावायचे, डोळे मिटायचे आणि त्याचा ठोका एका वहीत ठिपक्या-रेघांनी उतरवून घ्यायचे. गाव त्यांना खुळा म्हणायचं. म्हणू दे. ज्या गावाला वखारीतला खोकला ऐकू येत नव्हता, त्यानं दुसऱ्याच्या कानाला नावं ठेवू नयेत.

तर गाळणीनं भोंगे गेले, घासाघास गेली. एक आवाज जाईना. वखारीतली धप. ती हुबेहूब काळजासारखी. मास्तर हताश होऊन म्हणायचे, “ह्या बायकांच्या काठ्या गाळल्या तर माणसाचं काळीज बी गळतंय.” हे वाक्य मी एका पत्रकात घातलं होतं. त्यांनी ते खोडलं.

बेचाळीसचा ऑगस्ट आला. पुढारी तुरुंगात, हिंडलग्याचा तुरुंग आमच्या भागातल्या पोरांनी भरलेला, आणि मी बाहेर याची मला शरम वाटायची. मी मास्तरांकडे गेलो आणि सरळ म्हणालो, “यंत्र द्या. हवेतून भाषण करतो.”

“मजकूर काय?”

“चले जाव.”

“दोन शब्द हायत. त्याला यंत्र कशाला? भिंत हाय की.”

“मास्तर, देश पेटलाय आणि तुम्ही काळजं ऐकत बसलाय!”

“देशाचं बी ऐकलं असतं,” ते म्हणाले, “पण त्याची छाती कुठं हाय ते दाखीव आदी.” टकटक.

मी तडक खाली उतरलो. उतरताना त्यांची पक्कड उचलली. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी घाटाखाली बेळगावकडच्या तारा तोडल्या. कुणी रस्त्यावर झाडं आडवी केली. मोटारी बंद, टपाल बंद. त्याची लाज मला आजही नाही. सरकारच्या फौजांचे हुकूम ज्या तारांवरून धावत होते त्या तोडल्या, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन.

पण त्याच आठवड्यात आक्का आडवी झाली.

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांच्या जोडीदारानं ओळख काढून तिला बेळगावच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी काळजाचा ठोका ताळ्यावर आणणारे डिजिटॅलिसचे थेंब दिले होते, आणि बजावलं होतं, “हे औषध चांगलं आहे तितकंच वाईट आहे. माझ्याशिवाय वाढवायचं नाही. काही वाटलं तर तार करा.”

तार करा! तारऑफिसातला बाबू खिडकीतून मला म्हणाला, “कुठल्यातरी बहाद्दरानं तारा तोडल्यात. कवा जुळतील ठावं न्हाय.” तो बहाद्दर त्याच्यासमोरच उभा होता.

बैलगाडीनं न्यायचं तर दोन दिवस, आणि आक्का उठून बसली तरी ओठ निळे पडत होते. धाप वाढली म्हणून मी आधीच थेंब थोडे वाढवले होते. होय, मीच. डॉक्टरांनी नको म्हटलं असताना. अन्न बघितलं की तिला ओकारी यायची. एकदा म्हणाली, “भित पिवळी केलीस व्हय रं? सगळं पिवळं दिसतंय.” मला वाटलं, अशक्तपणा. थेंब आणखी वाढवावेत की कसं, यावर तिचं जगणं-मरणं अडलं होतं, आणि विचारायला रस्ता नव्हता. रस्ता मीच तोडला होता.

मी माडी चढून गेलो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मी एका कागदावर लिहून नेलं होतं: धाप, ओकारी, पिवळं दिसणं, निळे ओठ, झोप नाही, किती थेंब, कधीपासून. त्यांनी पेन्सिल काढली. ‘आक्का. धाप वाढली. थेंब वाढवू?’ एवढं उरलं. दहाला ते वडगावला गेलं. जोडीदाराचं उत्तर आलं, डॉक्टरांना सायकलीवर घालून आणतो, बाराला ठोके पाठव.

ठोक्यांचा आवाज जसाच्या तसा पाठवायचा मास्तरांचा बेत वर्षभर फसत होता. पलीकडे नुसता फेस ऐकू यायचा, जोडीदार म्हणे. तेव्हा ठरलं ते असं: चकती आक्काच्या छातीवर, दोरी जिन्यातून वर, टोप्या मास्तरांच्या कानाला, आणि जो ठोका ऐकू येईल तो त्यांनी यंत्राच्या किल्लीवर बोटानं वाजवायचा. पावसा-वाऱ्यातून, विजा कडाडत असताना तारा उतरवून घेतलेला कान होता तो.

राहिली वखारीतली धप. मी म्हणालो, मी जातो, बायकांना सांगतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच गेले. दोन वर्षं मी त्या बायकांपुढे काम थांबवा म्हणून भाषणं केली होती. एकदाही एक काठी थांबली नव्हती. मास्तर दारात उभे राहिले. “बायांनो,” म्हणाले, “आक्काचं काळीज ऐकायचंय. थांबा.”

काठ्या थांबल्या. मुकादम ओरडला तेव्हा एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “गप ऱ्हा की रं मुडद्या. तुजं न्हाय ऐकायचं, आक्काचं ऐकायचंय.”

मी खाली आक्काच्या छातीवर चकती दाबून बसलो. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. वर फळ्यांच्या तक्तपोशीतून किल्लीचा आवाज येत होता. टक, टक, टक, टक. घड्याळासारखा. मला धीर आला. थोड्या वेळानं मास्तरांचा आवाज आला, “ठोके सारखे हायत म्हणत्यात डॉक्टर. थेंब पाचानं वाढीव!”

मी एका हातानं बाटलीचं बूच काढलं. दुसरा हात अजून आक्काच्या छातीवर होता. आणि त्या हाताला काहीतरी वेगळंच लागत होतं. दोन ठोके लगबगीनं, एकाच्या पाठीवर एक. मग खंड. पुन्हा दोन. पुन्हा खंड. वर मास्तर सवयीनं अजून वाजवतच होते: टक, टक, टक, टक.

“नको रं,” आक्का म्हणाली. “वकारी येतीया नुसत्या वासानं.”

मी बाटली ठेवली आणि जिना दोन-दोन पायऱ्या करत चढलो. “मास्तर, काय पाठवलंत तुम्ही?”

“ठोके.”

“असे सारखे?”

“अंतर जरा घसरत हुतं. नीट केलं.”

“नीट का केलंत?”

ते माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघू लागले. “कुठला तारवाला वाईट हातानं आलेली तार तशीच देतोय गिऱ्हाइकाला? हात अडखळतोय, अंतर चुकतंय, ते आपून सुधारून...” आणि तिथंच थांबले. चेहरा राखेसारखा झाला. आयुष्यभर ज्याला ते खरखर म्हणून गाळत आले, आज तोच मजकूर होता.

“बाटली?” त्यांनी विचारलं.

“उघडलीय. दिले नाहीत.”

“झाक.”

जोडीदार अजून यंत्रावर होता, त्याला त्यांनी थांबवलं. डॉक्टर निघाले होते, तेही परतले. मास्तर पुन्हा वाजवायला बसले. टोप्यांत दोन-दोनची जोडी येत होती, त्यांना ती ऐकूही येत होती, पण बोटं ऐकेनात. सुरुवातीचे चार ठोके वाकडे जायचे आणि पाचव्याला हात आपोआप सरळ व्हायचा. त्यांनी बोटं झटकली, मनगट दुसऱ्या हातानं धरलं. पुन्हा तेच. मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. ज्या किल्लीला त्यांनी कुणाला शिवू दिलं नव्हतं, तिच्यापुढून ते उठले.

“माझा हात सुधारणार,” म्हणाले. “तुझा वाईट हाय. तू बस.”

ती वखारीतली जाडजूड बाई खाली येऊन आक्काच्या छातीवर चकती धरून बसली. मी कानाला टोप्या लावल्या आणि ऐकू येईल तसं वाजवू लागलो. धडपडत, अडखळत, चुकीसकट. पलीकडून पहिला प्रश्न आला तो जोडीदाराचा. मास्तरांनी मला नंतर सांगितला. त्यानं विचारलं होतं, हा हात कुणाचा? आणि मास्तरांनी कळवलं होतं, आक्काचा.

मग डॉक्टरांचे प्रश्न आले. ओकारी होते का? पिवळं दिसतं का? मास्तरांनी माझा तो खोडलेला कागद शोधून काढला, आणि रेघांखालचं एकेक अक्षर पाठवलं. झोप नाही हेसुद्धा. उत्तर यायला फार वेळ लागला नाही. औषध जास्त झालंय. थेंब बंद, आठवडाभर एकही नको.

मी खाली जाऊन बाटली मोरीत ओतली. दारात बायका उभ्या होत्या, त्यांना म्हणालो, “थेंब बंद करायचे म्हणाले. वाचंल ती.” मुकादमाचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि मग धप, धप, धप. त्या दिवशी ती धप मला गोड लागली, हे मी कबूल करतो. तीन दिवसांनी आक्कानं पेज मागितली. पाचव्या दिवशी म्हणाली, “भित पांढरीच हाय की रं. आणि किती घाण करून ठेवलीयास घरात!” मी अंगणात जाऊन रडलो. त्याचं पत्रक काढण्यासारखं नाही, पण सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

तारा जुळल्या. मास्तर एवढंच म्हणाले, “पक्कड परत दे.” कधी नेली, कशाला नेली, एक शब्द विचारला नाही. मी दिली. धार बोथट झाली होती. त्यांनी ती अंगठ्यानं चाचपून खुंटीला लावली.

पुढे महिनाभरात फौजदार झडतीला आला, माझ्या पत्रकांसाठी. पत्रकं आक्काच्या अंथरुणाखाली होती. माडीवर त्याला चकती, टोप्या आणि खोकं दिसलं. कणगी चार हातांवर. मास्तरांनी शांतपणे त्याच्या कानाला टोप्या चढवल्या आणि चकती त्याच्याच छातीवर ठेवली. फौजदाराचे डोळे विस्फारले. “हे माझं हाय?” “तुमचंच.” तो बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग कानाच्या टोप्या काढून हलक्या आवाजात विचारलं, “मास्तर, ठीक हाय न्हवं? कमीजास्त काय न्हाय न्हवं?” मास्तर म्हणाले, “ठीक हाय. जिना हळू उतरा.” तो खरोखरच हळू उतरला आणि कणगीकडे न बघता गेला.

मास्तर गेल्या वर्षी गेले, झोपेतच, शांतपणे. यंत्र वडगावला जोडीदाराकडे गेलं. माझ्या पत्रकांवर मी आता स्वतःच पेन्सिल चालवतो. पण खोडलेला कागद फेकत नाही.

ठोक्यांची वही आक्कानं मागून घेतली. तिला वाचता येत नाही. त्या दिवशी उतरवलेलं तिचं पान त्यात आहे, दोन-दोन ठिपके आणि मधे खंड. बरी झाल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी ती शेतकऱ्यांच्या रांगेत नंबर लावून माडीवर बसली होती. मास्तरांनी चकती लावली, डोळे मिटले, खूप वेळ ऐकलं. वखारीतली धप चालू होती, तरी त्यांनी ती थांबवायला सांगितली नाही.

“काय म्हणतंय मास्तर?” आक्कानं विचारलं.

“हात वाईटच हाय,” मास्तर म्हणाले. “पण वळखीचा हाय.”